मुंबईत घराचं काम काढताय? ओल, प्लाय, रंग आणि घरातली हवा, काय कुठल्या क्रमाने बघायचं

घराचं काम काढलं की आपण सगळ्यात आधी टाईल्सच्या दुकानात जातो. मग सनमाइकाचे कॅटलॉग, मग मॉड्युलर किचनवाल्याचं थ्रीडी चित्र, आणि हवेचा विषय निघतो तो एकदम शेवटी, राहायला गेल्यावर डोळे चुरचुरायला लागले, पोरगं रात्रीचं खोकायला लागलं की. तेव्हा कोणीतरी सांगतं की एअर प्युरिफायर घ्या, आणि दहा-वीस हजार तिकडे जातात. मी सबर्बमध्ये इंटिरियरची कामं बघतो आणि माझं मत एवढंच आहे की तेच पैसे आधी प्लायच्या ग्रेडमध्ये, पॉलिशमध्ये आणि एका धड एक्झॉस्ट फॅनमध्ये घातले असते तर मशीनची गरज बऱ्याच घरांत पडलीच नसती. जे घरात येणार आहे ते दारातच अडवायचं, जे आलंय ते बाहेर काढायचं, मशीन त्यानंतर. खाली त्याच क्रमाने लिहितोय, तुमच्या घराला जे लागू नाही ते सोडून द्या.

सुरुवात नाकापासून

मीटर वगैरे नंतर. चार दिवस गावाला जाऊन आलात की दार उघडल्यावर पहिल्या काही सेकंदांत जो वास येतो तो लक्षात ठेवा, कारण पाच मिनिटांत नाक त्याला सरावतं आणि मग तुम्ही म्हणता छे कुठे काय. कुबट, ओल्या गोणपाटासारखा वास असेल तर बुरशी, ती दिसत नसली तरी कुठेतरी कपाटामागे आहेच. तिखट, डोळ्याला झोंबणारा वास, आणि तो कपाटाचं शटर उघडल्यावर जास्त, तर प्लायचा गम किंवा पॉलिश. गोडसर, डोकं जड करणारा म्हणजे थिनर किंवा रबरवालं अ‍ॅडहेसिव्ह. गटाराचा वास असेल तर घाबरू नका, बऱ्याचदा न वापरलेल्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमधलं पाणी आटलेलं असतं, एक बादली पाणी ओता.

दुसरं, घरातल्या माणसांकडे बघा. डोळे चुरचुरणं, घसा खवखवणं, सकाळी उठल्यावर डोकं दुखणं, नाक चोंदणं, हे ऑफिसला गेल्यावर किंवा गावाला गेल्यावर कमी होतं आणि घरी आलं की परत सुरू होतं का? कॅलेंडरवर दोन आठवडे नुसत्या खुणा करा. आजी, लहान पोरं आणि घरून काम करणारे हे घरात सगळ्यात जास्त वेळ असतात, त्रास पहिला त्यांनाच दिसतो.

ओल. हे आधी, बाकी सगळं नंतर

मुंबईत घरातल्या हवेचा नंबर एकचा शत्रू म्हणजे ओल असं मी म्हणेन, प्लाय आणि रंग त्याच्या खाली. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता इथे दिवसेंदिवस ८० टक्क्यांच्या वर असते आणि बुरशीला, धुळीतल्या माइट्सना तेच पाहिजे असतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ओल आणि बुरशी या विषयावर वेगळी मार्गदर्शक तत्त्वंच काढली, त्यात ओलसर घरं आणि दमा, खोकला, श्वासाचे त्रास यांचा संबंध मान्य केलाय. आणि त्यांचं सांगणं बुरशीची जात शोधत बसा असं नाही, ओल थांबवा असं आहे.

ओल कुठून येते ते ओळखायची सगळ्यात सोपी खूण म्हणजे महिना. डाग मे महिन्यातपण ओला लागतो? मग तो पाऊस नाहीये, वरच्या फ्लॅटचं बाथरूम, कन्सील्ड पाइप, नाहीतर एसीचं ड्रेन. जुलै-ऑगस्टमध्येच फुलतो आणि दिवाळीपर्यंत सुकतो? बाहेरची भिंत किंवा टेरेस. आपल्याकडे पाऊस नैऋत्येकडून मारा करतो त्यामुळे पश्चिम आणि दक्षिण बाजूच्या भिंती, खिडकीच्या चौकटीचा खालचा कोपरा, आणि बाहेरच्या प्लास्टरला जिथे तडे आहेत ती जागा आधी बघा.

कळतच नसेल तर एक पॉलिथिनचा हातभर तुकडा घ्या आणि डागावर चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा. एक-दोन दिवसांनी बघा. पाणी प्लास्टिकच्या आत, भिंतीच्या बाजूला जमलं असेल तर ओल भिंतीतूनच येतेय. थेंब वरच्या, खोलीच्या बाजूला असतील तर भिंत ठीक आहे, खोलीतली दमट हवा गार भिंतीवर बसतेय, म्हणजे इलाज वॉटरप्रूफिंगचा नाही, हवा खेळती ठेवण्याचा आहे. हा फुकटचा प्रयोग न करता लोक पन्नास-पन्नास हजारांचं वॉटरप्रूफिंग करून बसतात.

खर्च कोणाचा यावर सोसायटीत भांडणं होतात म्हणून सांगतो, सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या मॉडेल बायलॉजप्रमाणे टेरेस, पावसाचं पाणी, बाहेरच्या कॉमन पाइपलाइनचं लीकेज हे सोसायटीच्या खर्चात येतं. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून येत असेल तर तो त्या मेंबरचा विषय. सेक्रेटरीला तोंडी सांगू नका, फोटो लावून अर्ज द्या आणि पोच घ्या.

आणि आता ते पीव्हीसी पॅनल. ओल आलेल्या भिंतीवर पीव्हीसीचे पॅनल मारून देणारे सध्या गल्लोगल्ली आहेत, एका दिवसात भिंत नवी. घाटकोपरला एका क्लायंटकडे असले पॅनल आम्ही काढले, बेडच्या डोक्यामागची भिंत होती. पॅनल सुटताना आधी कुबट वासाचा भपकारा आला, मग मागे लाकडी पट्ट्या, त्या हाताने चुरल्या एवढ्या सडलेल्या, आणि प्लास्टरवर काळ्या-हिरव्या बुरशीचा थर, काही ठिकाणी पांढरा कापसासारखा, कमरेपासून छतापर्यंत. समोरून तीच भिंत इटालियन मार्बल दिसत होती, आणि त्यांची मुलगी त्या बेडवर झोपायची, वर्षभर सर्दी चालू. भिंत झाकली की ती सुकायची बंद होते एवढं साधं आहे. वॉलपेपरचं तेच, लाकडी पॅनेलिंगचंपण तेच. बाहेरच्या भिंतीवर यातलं काहीच नको.

बुरशी साफ करायची पद्धत: डाग साधारण तीन बाय तीन फुटांपेक्षा लहान असेल तर घरी होतं. एन९५ मास्क, रबरी ग्लोव्ह्ज, खिडकी उघडी, खोलीचं दार बंद. कोरडं खरडायचं नाही, त्याने बीजाणू घरभर होतात. डिटर्जंटच्या पाण्याने ओलं करून घासायचं, फडकं फेकून द्यायचं, मग पंखा लावून पूर्ण सुकवायचं. ब्लीच वापरणार असाल तर ते टॉयलेट क्लीनरच्या अ‍ॅसिडबरोबर कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू होतो आणि तो छोट्या बाथरूममध्ये माणसाला आडवा करतो. बुरशीवर नुसता रंग मारला तर ती रंगाच्या आत वाढते, चार महिन्यांत परत पोपडे. गादी, कापडी सोफा, जिप्सम बोर्ड यांना आतपर्यंत लागली असेल तर ते टाकून द्या, साफ होत नाही. डाग अख्ख्या भिंतीएवढा असेल तर लीकेज दुरुस्त करून प्लास्टरच काढावं लागतं.

कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवून बनवू नका. जागा नसतेच आपल्याकडे, मला माहितेय, पण दुसरा उपाय नसेल तर मागे दोन-तीन इंच फट सोडा आणि खाली-वर जाळी ठेवा म्हणजे हवा फिरते.

काम कधी काढायचं

मुंबईच्या हवेची एक गंमत आहे. बाहेरची हवा सगळ्यात स्वच्छ पावसाळ्यात असते, पाऊस आणि वारा धूळ बसवून टाकतात, आणि नेमकं तेव्हाच आपण खिडक्या लावून घेतो. उलट नोव्हेंबर ते फेब्रुवारी समुद्रावरचा वारा मंदावतो, सकाळी थंड हवेचा थर खाली बसतो, आणि बांधकामाची, रस्त्याची धूळ वर जातच नाही. पालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांसाठी धुळीचे नियम काढले, पत्रे लावा, हिरवं कापड लावा, पाणी मारा वगैरे, ते याच मोसमाच्या तोंडावर.

म्हणून हिशेब असा बसतो: बाहेरच्या भिंतीची, टेरेसची दुरुस्ती पाऊस गेल्यावर, म्हणजे दिवाळीच्या आसपास. मग ती भिंत हिवाळाभर सुकू द्या, पेंटर कितीही घाई करूदे. आतलं तोडफोडीचं, सुतारकाम, रंग हे फेब्रुवारी ते एप्रिल, आणि मे महिना पूर्ण घर उघडं टाकायला. उष्णतेने प्लाय आणि रंगातले वायू जास्त सुटतात, मेच्या उकाड्यात ते तुम्ही राहायला यायच्या आधी निघून गेलेले बरे. पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो, त्याच्या तोंडावर पॉलिश मारून, खिडक्या बंद करून राहायला जाणं यासारखा वाईट मुहूर्त नाही, भटजींनी काढून दिला असला तरी.

तोडफोड चालू असताना

हे लोक फार हलक्यात घेतात. जुन्या घरात तीन गोष्टी असू शकतात.

एक, शिसं. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाची ९० पीपीएमची (म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा कायद्याने आली ती २०१६ च्या नियमांनी, आणि लागू झाली १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीचे ऑइल पेंट, खासकरून दारं, चौकटी, ग्रिल, जुन्या चाळीतल्या खिडक्यांवरचे पिवळे-हिरवे-लाल थर, यांत शिसं असणारच असं धरून चाला. शिशाचा लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो आणि सुरक्षित पातळी अशी कुठली माहीत नाही. पेंटरला सांगायचं, कोरडा पॉलिशपेपर नाही, ब्लो टॉर्चने जाळून काढणं तर अजिबात नाही, पाणी मारून ओलं करून घासायचं, खाली प्लास्टिक अंथरायचं. काम चालू असताना गरोदर बाई आणि लहान मुलं त्या घरात नकोत.

दोन, अ‍ॅस्बेस्टॉस. सिमेंटचे ते राखाडी पन्हळी पत्रे, पोटमाळ्यावर, गॅलरीवर, बैठ्या घरांवर, जुने पाइपसुद्धा. आयएआरसी ही जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था, तिने अ‍ॅस्बेस्टॉसचे सगळे प्रकार पहिल्या गटात टाकलेत, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं. आपल्याकडे असे पत्रे अजून वापरात आहेत. पत्रा धड आहे, फुटलेला नाही, तर त्याला हात लावू नका, तंतू तो फोडला, कापला, ड्रिल मारला की सुटतात. काढायचाच असेल तर पाणी मारून, अख्खा, स्क्रू काढून. हातोडा घालून तुकडे नाही, आणि ते डेब्रिजच्या गोणीत तर नाहीच.

तीन, दगडाची धूळ. लादी, ग्रॅनाइट, सिमेंट कापताना जी पांढरी धूळ उडते त्यात सिलिका असते, तीपण आयएआरसीच्या पहिल्या गटात. सध्या फॅशनमध्ये असलेला क्वार्ट्झचा किचन प्लॅटफॉर्म, त्या दगडात ९० टक्क्यांपर्यंत किंवा जास्तच सिलिका असते, तो कापणाऱ्या कामगारांच्या फुफ्फुसांची वाट लागली म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्याच्यावर बंदीच घातली. बसवून झाल्यावर तुम्हाला किचनमध्ये त्याचा धोका नाही, धोका कापणाऱ्याला आहे. म्हणून माप देऊन दुकानातच पाण्यावर कापून आणायचा, आणि साइटवर कटर चालवायचाच असेल तर ओला. कामगारांना एन९५ द्या, रुमाल बांधून ती धूळ अडत नाही. साध्या कडाप्प्याच्या फळ्या अजूनही उत्तम, हे माझं आपलं मत.

ग्रॅनाइटमधून रेडॉन येतो म्हणून काहीजण घाबरवतात. एका ओट्यापुरतं ते प्रमाण किरकोळ असतं, खिडकी उघडी ठेवा आणि विषय सोडा.

तोडफोडीच्या काळात त्याच घरात राहायचं असेल तर एक खोली पूर्ण वेगळी करा, दाराला वरपासून खालपर्यंत प्लास्टिक, एसी बंद करून तोपण झाकून. संध्याकाळी झाडू मारू नका. ओल्या फडक्याने पुसा.

प्लाय, बोर्ड आणि गम

आता मुख्य पैसे जातात ते इथे. प्लाय, ब्लॉकबोर्ड, एमडीएफ, पार्टिकल बोर्ड, हे सगळं लाकूड किंवा भुसा गमने चिकटवून बनतं. स्वस्त मालात युरिया फॉर्मल्डिहाइड गम असतो आणि तो महिनोन्महिने फॉर्मल्डिहाइड वायू सोडत राहतो, दमट आणि गरम हवेत जास्त, म्हणजे मुंबईला अगदी फिट्ट. हा वायू आयएआरसीच्या पहिल्या गटात आहे, आणि घरातल्या हवेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये दिलेली मर्यादा आहे घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम, अर्ध्या तासाच्या सरासरीवर. कॅन्सरचं लांब राहूदे, डोळे चुरचुरणं आणि दमेकऱ्याचा दमा उठणं हे लगेचचं.

किती बोर्ड घरात येतो याचा अंदाज नसतो आपल्याला. दहा बाय दहाची बेडरूम घ्या. सहा फूट रुंद, सात फूट उंच, दोन फूट खोल असं साधं वॉर्डरोब, त्याला आठ बाय चारच्या सहा शीट लागतात. एक शीट बत्तीस चौरस फूट, दोन्ही बाजू धरल्या तर चौसष्ट, सहाच्या झाल्या ३८४. आणि त्या खोलीच्या चार भिंतींचं क्षेत्रफळ साधारण ३८०. म्हणजे एकट्या कपाटाने खोलीत अजून चार भिंती उभ्या केल्या, त्यापण गमच्या. मग स्टोरेजचा बेड, माळा, टीव्ही युनिट, स्टडी टेबल. म्हणून पहिला सल्ला, कपाटं कमी करा. बंद माळ्यावर जे ठेवणार आहात ते तुम्ही पाच वर्षं काढणार नाही आहात.

जे करायचंच आहे त्यासाठी:

किचन, सिंकखाली आणि बाथरूमजवळ आयएस, म्हणजे भारतीय मानक, ७१० वाला बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही न सुटणारा) प्लाय, ज्याला बाजारात मरीन म्हणतात. याचा गम फिनॉल फॉर्मल्डिहाइडचा, तो पक्का झाल्यावर खूप कमी वायू सोडतो, आणि स्टँडर्डप्रमाणे ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो. आयएस ३०३ वाला साधा एमआर प्लाय म्हणजे फक्त दमट हवा सोसणारा, त्यात गम बहुतेक युरियावाला. बेडरूमलापण बजेट असेल तर एमआर टाळा.

प्लायच्या कडेला दिसणाऱ्या काळपट-लालसर रंगावर जाऊ नका, गममध्ये रंग टाकून मिळतो. शीटवर आयएसआय मार्क आणि सीएम/एल म्हणजे लायसन्सचा नंबर छापलेला असतो, तो बीआयएस या सरकारी मानक संस्थेच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून बघा, कंपनी आणि लायसन्स निघालं पाहिजे. रे रोडच्या टिंबर मार्केटमध्ये उभं राहून हे करायला अजिबात लाजू नका, दुकानदार तोंड वाकडं करतो ते करूदे.

एमडीएफ, पार्टिकल बोर्ड किंवा एचडीएचएमआर (दमट हवा सोसणारा घट्ट दाबलेला बोर्ड) घेणार असाल तर ई-१ किंवा ई-०, म्हणजे कमी फॉर्मल्डिहाइड सोडणारा, असं लेखी मागा, बिलावर लिहून घ्या. नुसतं "इको" असं स्टिकर म्हणजे काहीच नाही.

सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात दुर्लक्ष होणारं, कडा आणि पाठ. लॅमिनेटने वायू बऱ्यापैकी अडतो, पण सुतार समोरून लावतो आणि आतून, मागून, खालून बोर्ड उघडा. विचारलं की उत्तर ठरलेलं, "सेठ, पीछे कौन देखता है." बघत कोणी नाही, पण वायू तिथूनच येतो. आतल्या बाजूला लायनर लॅमिनेट, सगळ्या कडांना एज बँड म्हणजे कडेची पट्टी, बिजागरीची आणि वायरची भोकं बंद, हे कोटेशनमध्येच लिहून घ्या, मागाहून सांगितलं तर एक्स्ट्रा लावतात.

लॅमिनेट चिकटवायला पाण्यावरचा पांढरा गम. तो रबरवाला पिवळा पटकन चिकटतो म्हणून सुताराला आवडतो, पण त्यात सॉल्व्हंट असतं, वासानेच कळतं. काही ठिकाणी, वळणावर वगैरे, तो लागतोच, मग तेवढ्यापुरता आणि खिडक्या उघड्या ठेवून.

आणि जुनं फर्निचर! जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या फर्निचर मार्केटमध्ये किंवा नात्यात कोणाकडे जुनं सागवानी कपाट मिळालं तर घ्या, त्यातला वास केव्हाच गेलेला असतो. ढेकूण आणि वाळवी तेवढी बघून घ्या. लोखंडी कपाटात तर गमचा प्रश्नच नाही, आपल्या आईवडिलांच्या पिढीने ते उगाच नाही वापरलं.

रंग आणि पॉलिश

भिंतीला पाण्यावरचा, लो व्हीओसी (व्हीओसी म्हणजे रंगातून हवेत उडणारी रसायनं) लिहिलेला इमल्शन घ्या, बेस आणि प्रायमरपण पाण्यावरचाच, नाहीतर वरून लो व्हीओसी आणि खाली टर्पेंटाइनचा प्रायमर असं होतं. गडद शेडमध्ये टिंटरमुळे व्हीओसी वाढू शकतो, फिके रंग बरे. चुना ज्यांना चालतो त्यांनी खुशाल चुना द्यावा, तो अल्कधर्मी असल्यामुळे बुरशी सहजासहजी धरत नाही आणि भिंत श्वास घेते. "अ‍ॅण्टी फंगल" रंगाने ओल बरी होत नाही हे एव्हाना कळलं असेलच.

पुट्टी घासतानाची धूळ सगळ्यात जास्त. खिडकीत बाहेर तोंड करून एक पंखा लावला तर अर्धी बाहेर जाते.

लाकडाला मेलामाइन पॉलिश करतात, ते सुकताना फॉर्मल्डिहाइड सोडतं, आणि पीयू म्हणजे पॉलियुरेथेन स्प्रे करताना त्यातले आयसोसायनेट दमा उठवू शकतात, विशेषतः मारणाऱ्याचा. शक्य असेल तर शटर काढून वर्कशॉपमध्ये पॉलिश करून आणा, किंवा पाण्यावरचं पीयू घ्या. फिनिश थोडं कमी चकाकतं, चालतं.

हवा बाहेर कुठून जाणार

दोन ट्रॅकची स्लायडिंग खिडकी अर्धीच उघडते, हे कोणी विचारात घेत नाही. बाल्कनी बंद करून खोलीत घेतली की आतल्या खोलीला हवा स्लायडिंगच्या स्लायडिंगमधून येणार. गोवंडी-मानखुर्दच्या नटवर पारेख आणि लल्लूभाई कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींवरचा अभ्यास २०१८ मध्ये आला, इमारती एकमेकींना एवढ्या खेटून की खालच्या मजल्यांवर ऊन नाही, वारा नाही, आणि टीबीचा संबंध त्याच्याशी लागला. तिथल्या लोकांच्या हातात ते नव्हतं. आपण मात्र स्वतःच्या हाताने एका खोलीची हवा बंद करतो आणि वर एसी लावतो.

स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच गार करून फिरवतो. दार-खिडक्या बंद करून दोघं झोपलात तर सकाळपर्यंत कार्बन डायऑक्साइड दीड-दोन हजार पीपीएमच्या वर सहज जातो, बाहेर तो साधारण ४२० असतो. सकाळचं जड डोकं बऱ्याचदा हेच. खिडकी दोन बोटं उघडी ठेवा, बिल थोडं वाढेल.

किचनची चिमणी डक्टवाली, पाइप बाहेर काढलेली, वळणं कमीत कमी. डक्टलेस चिमणी तेलाचे थेंब पकडते पण गॅसच्या ज्योतीतून येणारा नायट्रोजन डायऑक्साइड आणि वाफ परत किचनमध्येच सोडते. चिमणीचं बजेट नसेल तर लोहार चाळीतून चांगला एक्झॉस्ट फॅन आणा, शेगडीच्या वरच्या बाजूला बसवा आणि मुख्य म्हणजे लावा, फोडणीच्या आधीपासून ते जेवण झाल्यावर दहा मिनिटांपर्यंत. बाथरूमचा एक्झॉस्ट अंघोळीनंतर वीसेक मिनिटं चालू राहूदे.

गॅस गिझर बाथरूमच्या आत नको. म्हणजे नकोच. बंद बाथरूममध्ये कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणूस अंघोळ करता करता बेशुद्ध पडतो. असेल तर आजच बाहेर काढा, तोपर्यंत पाणी बादलीत भरून, गिझर बंद करून अंघोळ.

हिवाळ्यात खिडक्या कधी उघडायच्या? दुपारी, बारा ते पाचच्या दरम्यान, समुद्राचा वारा सुटतो तेव्हा. पहाटेची "ताजी हवा" डिसेंबरात मुंबईत सगळ्यात वाईट असते, आणि शेजारी टॉवर चढत असेल तर विचारूच नका.

राहायला जाताना

काम संपल्यावर निदान तीन-चार आठवडे घर मोकळं ठेवा. सगळी शटर, ड्रॉवर उघडे, पंखे चालू, खिडक्या उघड्या. भाड्याचं घर आणि ईएमआय दोन्ही चालू असतात, मला कळतं, म्हणून जमत नसेल तर निदान बेडरूम आणि पोरांची खोली आधी संपवून ठेवा आणि किचन शेवटी. गादी, पडदे, कपडे हे सगळ्यात उशिरा न्या, ते वास धरून ठेवतात. पहिल्या दिवशी पूजा, होम जरूर करा पण खिडक्या उघड्या ठेवून, आणि रोज रात्री मच्छर कॉइल नको. एका अभ्यासात एक कॉइल जळल्यावर निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे भरले होते. खिडकीला जाळी लावा.

मग मशीन

सगळ्यात आधी काहीशे रुपयांचा आर्द्रतेचा मीटर घ्या, ६० टक्क्यांच्या खाली ठेवायचा प्रयत्न, पावसाळ्यात एसीचा ड्राय मोड किंवा डिह्युमिडिफायर. स्वस्त मीटरवरचे फॉर्मल्डिहाइड आणि टीव्हीओसीचे (एकूण व्हीओसीचे) आकडे गंभीरपणे घेऊ नका, सेंट मारला तरी ते उडी मारतात. पीएम २.५ चे, म्हणजे अगदी बारीक धूळकणांचे, बऱ्यापैकी खरे असतात, फक्त पावसाळ्यात दमट हवेत जास्त दाखवतात.

प्युरिफायर घ्यायचा झाला तर हेपा (बारीक कण पकडणारा) फिल्टर धुळीसाठी, वायूसाठी जाडजूड अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन लागतो, नुसती काळी जाळी नाही. साइजचा हिशेब: दहा बाय बाराची खोली, साडेनऊ फूट उंची, म्हणजे साधारण ३२ घनमीटर, तासाला पाच वेळा हवा फिरायची तर सीएडीआर, म्हणजे मशीन तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं तो आकडा, १६० च्या वर. ओझोन सोडणारं मशीन घेऊ नका. आणि प्युरिफायरने कार्बन डायऑक्साइड कमी होत नाही, त्याला खिडकीच लागते.

झाडं? नासाच्या १९८९ च्या प्रयोगावरून तो समज पसरला, पण तो बंद पेटीतला प्रयोग होता. २०१९ मध्ये अशा सगळ्या प्रयोगांचा आढावा घेतला गेला तेव्हा खऱ्या घरात परिणाम दिसायला दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील असं निघालं. मनी प्लांट शोभेला ठेवा, कुंडीखालच्या ताटलीत पाणी साठू देऊ नका, डेंग्यूचं वेगळं सुरू होईल.

भाड्याचं घर किंवा चाळीतली खोली असेल तर

फर्निचर आपलं नाही, भिंत आपली नाही. तरी, मालकाच्या कपाटाच्या उघड्या कडांना एज टेप किंवा पाण्यावरचा वॉर्निश, पलंग भिंतीपासून वीतभर लांब, दाराच्या वरचं व्हेंटिलेटर पुठ्ठा लावून बंद केलेलं असेल तर तो पुठ्ठा काढा, कपडे खोलीत वाळत घालावे लागले तर त्याच खोलीत पंखा आणि खिडकी. घर बघायला जाल तेव्हा पावसाळ्यात जा, नुकताच रंग दिलेला एखादाच कोपरा दिसला तर त्याच्यावर हात ठेवून बघा गार लागतो का.

डॉक्टरकडे

त्रास दोन-तीन आठवड्यांत कमी होत नसेल, रात्री शिट्टीसारखा आवाज येत असेल, पोर खेळताना धापा टाकत असेल तर घरगुती प्रयोग थांबवा आणि डॉक्टरकडे जा. जाताना कॅलेंडरवरच्या खुणा, भिंतीचे फोटो, कुठलं काम कधी झालं हे लिहून न्या, कारण डॉक्टर घराबद्दल बहुतेक विचारत नाहीत, आपणच सांगायचं. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर सगळा दोष प्लायला देऊन मोकळे होऊ नका, टीबीची तपासणी आधी करून घ्या, पालिकेच्या दवाखान्यात ती फुकट होते.